अनूच्या उपवासांची वाटणी

डॉक्टरांनी अनूच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली, आत पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, "अम्मा, हे आतलं लाल दिसायला पाहिजे. तुम्हीच बघा." मी वाकून बघितलं. लाल कुठलं, धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखं पांढरंफेक होतं.

मग त्यांनी तिची नखं बघितली. मधोमध खोलगट झालेली, पाण्याचा थेंब ठेवला तर तिथंच राहावा अशी. जीभ बाहेर काढायला लावली, ती गुळगुळीत. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "ॲनिमिया आहे. फार आहे. पोरीला आज घरी नेता येणार नाही."

ॲनिमिया म्हणजे अंगातलं रक्त कमी होणं, किंवा असलेलं रक्त पाण्यासारखं पातळ होणं. पांडुरोग म्हणतात तोच. हा शब्द मी त्या दिवशी परभणीच्या सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा ऐकला. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

मी शाळेत गेलेली नाही. अनूला पाटी आणली तेव्हा चुलीपुढं बसून तिच्याबरोबर मीही अक्षरं गिरवली, तेवढंच माझं शिक्षण. म्हणून बोलते तशी लिहिते. मधेच भलतीकडं गेले तर जाऊ द्या. पण घरात वयात आलेली पोर असलेल्या प्रत्येक बाईनं हे वाचावं असं मला वाटतं.

आमचं गाव पूर्णा जंक्शनजवळ. घरची जमीन, ज्वारी आणि कापूस. घरात अनूचे आबा, मी, अनू आणि माझी थोरली नणंद. नणंद लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. उपास-तापास, सोवळं, कुठल्या सणाला काय लागतं, हे सगळं आक्काकडं. माझं तिच्यापुढं काही चालायचं नाही आणि खरं सांगते, मला चालवायचंही नव्हतं. तिच्या जिवावर मी निवांत होते.

अनू पंधरा वर्षांची, पूर्णेच्या शाळेत सातवीला. एवढी मोठी सातवीत कशी, असं विचाराल. आधी तिथली शाळा उर्दू होती, मराठी वर्ग निघाल्यावर तिला घातली, म्हणून उशीर झाला.

आता तिच्या खाण्याचं सांगते, कारण आजार तिथूनच आला.

आधीच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीतला गाळ काढताना दोर सुटला आणि अनूचे आबा आत पडले. कंबर धरली ती अशी की पोळ्यापर्यंत बाजेवर. अनूनं कुणाला न विचारता पोखर्णीच्या नरसिंहाला शनिवारचा उपास बोलला. आमचं कुळदैवत ते. पोळ्याला हे उठले, काठी टेकत का होईना बैलं मिरवून आणली. मग शनिवार सोडायचं नावच नको.

त्यात गल्लीतल्या पोरींनी मिळून सोळा सोमवार धरले, चांगला नवरा मिळावा म्हणून. सातवीची परीक्षा आली तशी चतुर्थी आली. एकादशी तर घरचीच. गोदा नावाची तिची मैत्रीण गुरुवार करायची, म्हणून हिनंही गुरुवार धरला.

पाण्याला गेल्या की पोरींच्यात तेवढाच विषय. तू किती करतीस, मी एवढे करायले. बाकीची माणसं शनिवार संध्याकाळी सोडतात, ह्या पोरींनी चढाओढीत रात्रीचं जेवणही टाकलं. एकीनं भगर खाल्ली की दुसरी म्हणणार, मी तर नुसत्या चहावर काढला. गोदाची आई माझ्याकडं येऊन सांगायची, आमची गोदा बाई लय कडक करती. मी म्हणायचे, आमची अनू पण काय कमी न्हाई. आता कुणाच्या पोरीनं एवढा उपास केला तर आई फुगणारच की.

उपवास नसेल त्या दिवशीही ती कुठं जेवायची? आधी तिचे आबा आणि शेतावरचे गडी, मग आक्का, मग आम्ही दोघी. तोवर तिनं दोनदा चहा प्यालेला असायचा. अर्धी भाकर मोडायची आणि म्हणायची, पोट भरलं. पोट खरंच एवढंसं झालं होतं.

पहिलं लक्षण काय म्हणाल तर दम. भरली घागर घेऊन ओढ्याचा चढ चढताना मधे टेकायला लागली. मग शाळेतून आली की जोत्यावरच झोपायची. केस विंचरले की फणी भरून केस. संध्याकाळी पाऊल सुजायचं, बोटानं दाबलं की खळगा पडायचा. आणि पाळी बंद झाली. पाळीला तेव्हा आम्ही कावळा शिवणं म्हणायचो. आक्का म्हणाली, वाढतं वय हाय, होतं मागंपुढं.

आणखी एक. माझ्या चुलीचा काठ रोज थोडा थोडा झिजत होता. मी सारवून घ्यावा आणि दोन दिवसांत पुन्हा उकरलेला. मी कोंबड्यांना शिव्या घालत होते.

पुढं ती इतकी पांढरी पडली की शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला. आक्कानं तोंड बघितलं आणि सांगितलं, पांढरी कावीळ. आमच्याकडं पिवळी कावीळ वेगळी आणि पांढरी वेगळी. पांढरीवर माळ उतरवणारा एक जण पाथरीकडं होता, तिथं बैलगाडीनं नेलं. त्यानं गळ्यात काड्यांची माळ घातली आणि पथ्य सांगितलं. तेल नाही, तिखट नाही, डाळ नाही, शेंगदाणे नाहीत, पालेभाजी अजिबात नाही. ताक-भात आणि उसाचा रस. माळ जशी लांबत जाईल तशी कावीळ उतरत जाईल म्हणाला. माळ लांबली, गुडघ्यापर्यंत आली. पोर मात्र तशीच. म्हणजे उपवासातून काही पोटात जात होतं तेही आम्ही पथ्यानं बंद केलं.

शेवटी ती शाळेत प्रार्थनेला उभी असताना कोसळली. तिचे आबा त्या दिवशी पूर्णेच्या बाजारातच होते, ते तिथूनच तिला उचलून स्टेशनावर घेऊन गेले, निरोप मिळाला तशी मी आणि आक्का धावत पोचलो. पूर्णेहून परभणीला पॅसेंजरनं. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर. मानेची शीर एवढी उडत होती की मला ती नुसत्या डोळ्यांनी दिसायची.

दवाखान्यात आधी रक्त तपासलं. बोटाला सुई टोचून थेंब एका टिपकागदावर घेतला. शेजारी लाल रंगाच्या पट्ट्या छापलेल्या, गडदपासून फिकट गुलाबीपर्यंत. थेंब ज्या पट्टीशी जुळेल तेवढं हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल अंश. आपण घेतलेला श्वास अंगभर पोचवायचं काम त्याचं. अनूचा थेंब सगळ्यात फिकट पट्टीपाशी धरला, तरी पट्टीच लाल दिसली.

मग स्टूल टेस्ट, म्हणजे शौचाची तपासणी. त्यात हुकवर्म निघाले. हे आकड्यासारखे बारीक जंत, अनवाणी पायांतून अंगात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. शेतात चप्पल कोण घालतं? डॉक्टर म्हणाले, जंत आहेत, त्यांचं औषध देतो, पण एवढं रक्त एकटे जंत नेणार नाहीत. छातीतला आवाज त्यांनी मर्मर म्हणून सांगितला. पातळ रक्त पुरवता पुरवता काळीज दुप्पट धावायला लागतं, तेव्हा असा फुरफुर आवाज येतो. हे असंच राहिलं तर हार्ट फेल्युअर, म्हणजे काळीज धावून धावून थकतं आणि थांबतं. हे त्यांनी अनूच्या आबांना बाहेर व्हरांड्यात सांगितलं. हे आत आले आणि पाण्याचा तांब्या उचलून तसाच खाली ठेवला. मी काय ते समजले.

डॉक्टर हैदराबादेला शिकलेले, मुसलमान, वयानं अनूच्या आबांएवढे. मराठी बोलायचे पण त्यात उर्दूचा वास. त्यांनी अनूला हळूच विचारलं, "बेटी, माती खातेस का?" अनूनं खाली बघत मान हलवली. मी मनातल्या मनात कोंबड्यांची माफी मागितली. ह्याला पायका म्हणतात, म्हणजे रक्त कमी झालं की माती, कच्चे तांदूळ, राख असं काहीबाही खावंसं वाटणं. तुमच्या घरात पोर असं खात असेल तर मारू नका, दवाखान्यात न्या.

मग त्यांनी वारावारानं विचारलं. सोमवारी काय खातेस, मंगळवारी काय. उत्तरं आक्काच देत होती आणि वार जसे पुढं सरकले तसा तिचा आवाज बारीक होत गेला.

औषध सुरू झालं. आयर्न मिक्श्चर, म्हणजे लोहाचं पाणी. काळं, जिभेला गंज चाटल्यासारखं लागणारं. त्यानं दात काळे पडू नयेत म्हणून गव्हाच्या काडीनं ओढायचं. शौच काळी होते, तेव्हा घाबरू नका, आम्ही घाबरलो होतो. आणि लिव्हर एक्स्ट्रॅक्टची इंजेक्शनं. लिव्हर म्हणजे यकृत, जनावराच्या यकृतापासून काढलेला अर्क. डॉक्टरांनी लपवलं नाही, आधीच सांगितलं. अनूनं दंड मागं घेतला. सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. आक्का म्हणाली, "सुई दंडात टोचतात. पोटात काय जायलंय त्यात?" अनूनं दंड पुढं केला.

इथवर ठीक. पण डॉक्टर म्हणाले, "औषधानं अर्धंच काम होतं. बाकीचं अन्नानं. रोज खायचं. रोज म्हणजे रोज."

शनिवार उजाडला. मी दवाखान्याच्या मागं तीन दगडांची चूल मांडली होती, तिथून गरम भाकर, तांदुळजाची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी आणली. अनूनं भिंतीकडं तोंड केलं. मी समजावलं, रागावले, रडले. ती ओरडली नाही की हट्टानं बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आई, मी खाल्लं अन् आबा पुन्हा पडले तर?"

मी भाकर झाकून ठेवली. पोर वेडी नव्हती. आपला बाप आपल्या उपाशी राहण्यावर उभा आहे असं तिला वाटत होतं. दुपार झाली तरी भाकर तशीच. सोमवार आला, तो तसाच. डॉक्टर येऊन बघून गेले. पाऊल पुन्हा सुजलं होतं. तिची नाडी धरून ते म्हणाले, असं एक दिवसाआड खाल्लं तर माझं औषध मी पाण्यात ओतल्यासारखं आहे.

जाता जाता आक्कापाशी थांबले. "बडी अम्मा, आमच्यातही रोजे असतात. पण बीमार माणसाला रोजा माफ आहे. तुमच्यात नाही का काही असं?"

आक्का बाहेर जाऊन पायरीवर बसली. मला वाटलं, मुसलमान डॉक्टरांनी आपल्या उपवासात बोललेलं तिला आवडलं नाही. बऱ्याच वेळानं आत आली ती पदर खोचूनच. म्हणाली, "माफ तर न्हाई आपल्यात. पण दुसऱ्याला उचलता येतो. माझी आई अंथरुणाला खिळली तवा तिची एकादशी मीच करत होते. घरचं माणूस आजाऱ्याचा उपास चालवू शकतं. मला कसं सुचलं न्हाई एवढे दिवस."

अनू म्हणाली, "देवाला चालंल का पण?"

"देवाला विचारून येऊ की," आक्का म्हणाली. "तुझा बाप कशाला हाय?"

आता अनूच्या आबांविषयी सांगितलं पाहिजे. ह्या माणसाला भूक धरवत नसे. पहाटे बैलांच्या आधी हे खायचे. आषाढी एकादशीलाही दुपारपर्यंत दोनदा फराळ. आक्का त्यांना उपाशी वाघ म्हणायची. तर हे पुढच्या शनिवारी पहाटे आंघोळ करून, चहासुद्धा न घेता, मोटारीनं पोखर्णीला गेले. मंदिरात नारळ वाहिला, हात जोडून नरसिंहाला सांगितलं, आणि दुपारी कडक उन्हात परत आले. चेहरा एवढासा झालेला. येऊन अनूच्या खाटेपाशी खालीच बसले.

म्हणाले, "देवाला सांगून आलो. तुझा शनिवार माझ्या नावावर करून घेतला."

अनू उठून बसली. "आबा, उपास तुमच्यासाठीच हाय. तुमीच कसा कराल?"

"मग कोणी करावा? जीव माझा, तर उपास मीच करायला पाहिजे. तू आजवर केलास, लय झालं. आता भाकर खा, मी बघतो."

"तुमाला भूक लागली असंल."

"लागलीय ना. म्हणून तर लवकर खा. तू खाल्लंस की माझं पोट गप बसंल."

तिनं घास मोडला. तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी गळायलंय आणि जबडा चालायलाय. हे तिच्या हाताकडं असे बघत होते जसं काही ताटातलं आपल्याच पोटात चाललंय. अर्धी भाकर खाल्ली तिनं. भाजी सगळी. आक्का खिडकीकडं तोंड करून उभी होती, नाक ओढत होती.

मग काय, वाटणीच झाली. भावाभावांत शेताची होते तशी. सोमवार आक्कानं घेतला, म्हणाली मला आता नवरा नको, पण देव म्हातारीवर रागावणार नाही. गुरुवार माझ्याकडं आला. चतुर्थीचं आक्कानं सांगून टाकलं की परीक्षेसाठी उपास नसतोच, परीक्षेसाठी अभ्यास असतो, कुणी सांगितलं हे तुला. राहिली एकादशी. डॉक्टर फेरीला आले होते, त्यांना कळलं तशी हसले. म्हणाले, "एक मला द्या. दुपारी जेवायला तसंही मला वेळ मिळत नाही, आणि रमजानची सवय आहे." अनू हसली. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसली. आक्कानं गंभीरपणे त्यांना सांगितलं, "मग भात खाऊ नका त्या दिवशी, डॉक्टरसाहेब." त्यांनी पाळलं का नाही, देव जाणे. पण पुढच्या एकादशीला फेरीवर आल्यावर आधी आक्कापाशी गेले आणि म्हणाले, "आज भात नाही खाल्ला."

इथून पुढं सगळं झटक्यात सुधारलं असं समजू नका. लहान झालेलं पोट लगेच मोठं होत नाही. अर्ध्या भाकरीनं उमळायचं, उलटीसारखं व्हायचं. मग डॉक्टरांनी सांगितलं, थोडं थोडं आणि वारंवार द्या. सकाळी गूळ-शेंगदाणे, मधे तिळाचा लाडू, दुपारी भाकर आणि पालेभाजी. अंबाडी, मेथी, तांदुळजा, जे रानात असेल ते, वर लिंबू पिळून. सोबत कारळाची चटणी. चहा जेवणाच्या आसपास अजिबात नाही, चहानं भूक मरते. घरी सोडताना चप्पल घ्यायला लावली. गावात पोरी तिला चिडवायच्या, मडमीण आली म्हणून.

रक्त पुन्हा तपासायला आम्ही महिन्या-महिन्यानं परभणीला जायचो. थेंब हळूहळू पट्ट्यांवर वर चढला. पायाची सूज गेली. पाळी सुरू झाली, तेव्हा मी एकटीच चुलीपुढं बसून देवाचं नाव घेतलं. चुलीचा काठही मग कुणी उकरला नाही.

गावात बोलणं झालंच. गोदाची आई म्हणाली, एवढे उपास अर्ध्यावर सोडले, बाई. आक्कानं तिला पाणवठ्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, "सोडले कुणी? आमी वाटून घेतलेत. तुझ्या गोदाचाही दे एखादा, माझ्याकडं मंगळवार मोकळाय." बायका हसल्या. पण पुढच्या आठवड्यात गोदाची आई मला बाजूला घेऊन हळूच विचारत होती, गोदाची पापणी कशी बघायची म्हणून.

आता माझ्यासारख्या आयांसाठी दोन शब्द. आज माझ्या नाती उपवास करत नाहीत, त्या डायटिंग करतात. नाव नवीन आहे, चढाओढ तीच. मी किती कमी खाल्लं, ते एकमेकींना सांगतात. मग दुपारी पाकिटातलं काहीबाही खातात. त्यांना रागावून उपयोग नाही. पंधरा वर्षांची पोर कुणासाठी तरी किंवा कशासाठी तरी उपाशी असते. ते काय आहे ते विचारा. नुसतं खा खा म्हटलं तर ती भिंतीकडं तोंड करते. आणि ज्या पोरीचं गाव कौतुक करतं, तिच्या ताटात काय उरतं ते रोज बघा.

डॉक्टर पुढं बदली होऊन गेले. त्यांचे उपकार मी विसरले नाही. आक्का गेली, शेवटपर्यंत सोमवार तिनं सोडला नाही. अनूच्या आबांना मी म्हटलं, पोर बरी झाली, आता शनिवारचं उद्यापन करून टाका. तर म्हणाले, राहू दे, आता मला जमायला लागलंय. संध्याकाळी सोडायचे आणि मग चार भाकरी खायचे, ते सोडा.

आमच्या घरात त्या वर्षी एक रीत मोडली. अनूचं ताट तिच्या आबांच्या ताटाशेजारी पडायला लागलं, पुरुषांच्या पंगतीत. आक्कानंच मांडलं पहिल्यांदा.

त्या दिवाळीनंतरची गोष्ट. शाळेतून आली, दप्तर टाकलं, जेवायला बसली. अंबाडीची भाजी होती. पहिली भाकर संपली, दुसरी संपली. मी समोर बसून आपली नुसती बघत होते. तिनं बोटं चाटली, टोपल्यात डोकावली आणि म्हणाली, "आई, भाकर हाय का अजून?"

टोपलं रिकामं होतं. माझ्या वाटणीचीही तिनंच संपवली होती. मी राख सारून चूल पुन्हा पेटवली, पिठात पाणी घातलं आणि थापायला बसले.